सीटखालचं फडकं

आमच्या फियाटच्या पुढच्या लांब सीटखाली एक फडकं असायचं. अण्णांच्या जुन्या खाकी शर्टाची पाठ कापून केलेलं. अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली. गाडी काढायच्या आधी काच पुसायची आणि लावल्यावर पुन्हा पुसायची, हा त्यांचा नियम. ते काम दुसऱ्यावर सोपवलेलं त्यांना चालत नसे. "ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्याच हातात फडकं," असं म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने ही जुनी फियाट घेतली, थोडी वर्षं चालवली, आणि मग काचबिंदूने त्यांचे डोळे नेले. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचंही धुक्यात गेलं. तेव्हा फडकं माझ्याकडे आलं.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. तिशी उलटलेली, लग्न न केलेली, त्यामुळे ज्याला जो सल्ला सुचेल तो त्याने माझ्याकडे आणून टाकावा, अशी घरात माझी जागा होती. गाडी मला अण्णांनीच शिकवली. शेजारी बसून, कानांनी. क्लच अर्धवट सोडला की त्यांना इंजिनच्या आवाजावरून कळायचं आणि ते नुसते "हं" म्हणायचे. त्या एका "हं"ची मला परीक्षकांपेक्षा जास्त धास्ती होती.

दादाचं म्हणणं सरळ होतं. अण्णांना दिसत नाही, त्याला स्वतःला वेळ नाही, आणि मी चालवणार ती नाशिकमध्येच, हिरावाडीतल्या घरापासून शाळेपर्यंत. त्यापेक्षा गाडी विकून मोकळं व्हावं. त्याने गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. अण्णा हो म्हणत नव्हते आणि नाही म्हणत नव्हते. रोज संध्याकाळी बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवायचे आणि आत जायचे. ते मला बघवत नसे.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत साल्हेरचा किल्ला चढायचा बेत मी काढला. शाळेतल्या दोन मैत्रिणी आणि ही गाडी. दादा हसला. अण्णांनी एकच विचारलं, "जाताना तिघी. येताना?"

येताना मी एकटी असणार होते. एकीचं माहेर साक्रीकडे होतं, त्या दोघी ताहाराबादहून एसटीने तिकडे जाणार होत्या.

अण्णा म्हणाले, "एकटीने घरी आणलीस तर गाडी राहील. वाटेतून दादाला बोलवावं लागलं, तर मग त्याचं खरं."

एवढं ठरलं आणि आम्ही निघालो. किल्ल्याबद्दल फार सांगत नाही. उन्हाने कातडी सोलली, वरच्या गुहेत रात्रभर वारा घोंगावत राहिला, पहाटे सगळे डोंगर पायाखाली दिसले आणि आम्ही तिघी प्रौढ बायका शाळेतल्या पोरींसारख्या ओरडलो. गाडी खाली गावात एका म्हातारीच्या अंगणात, आंब्याच्या सावलीत लावली होती. आतून तापू नये म्हणून काचा चार बोटं खाली ठेवल्या होत्या. हा शहाणपणा माझाच.

म्हातारी गोड होती. तिने आम्हाला भाकरी-ठेचा खाऊ घातला, निघताना करवंदांची एक पिशवी दिली. तिची अहिराणी मला निम्मी कळायची आणि उरलेली निम्मी मी कळल्यासारखी मान हलवून भागवायचे. मी गाडीचं दार उघडलं तेव्हा ती चुलीपाशून म्हणाली, "माय, गाडीमा जनावर गयं व्हई. दखीसन बठजो."

गाडीत जनावर गेलं असेल, बघून बस. मी वाकून गाडीखाली बघितलं. तिथे एक शेळी मजेत रवंथ करत होती. मी टाळी वाजवली, शेळी उठून गेली, आम्ही तिघी हसलो. म्हातारी मात्र हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं. एका मैत्रिणीने बाटलीतलं पाणी ओतून हातानेच काच धुतली, त्यामुळे फडकं काढायचं राहिलं. करवंदांची पिशवी सीटखाली सरकवून आम्ही निघालो.

ताहाराबादला त्या दोघी उतरल्या. एसटी धुरळा उडवत गेली आणि गाडीत मी एकटी उरले. आजवर माझ्या शेजारी कुणीतरी असायचंच, निदान "हं" म्हणायला. पण सटाणा गेलं, देवळा गेलं, आणि मला वाटायला लागलं की जमतंय. मी मोठ्याने पाढे म्हणत होते. का, ते विचारू नका.

देवळ्याच्या पुढे घाट लागतो. तिथे एका वळणावर पाण्याचा टँकर समोर आला. मेमधले आमच्याकडचे टँकर निम्मं पाणी रस्त्याला पाजत जातात. त्यातलं बरंचसं माझ्या काचेवर आलं. दिवसभराच्या धुळीचा चिखल झाला आणि वायपरने तो मन लावून सगळीकडे सारवला. मी गाडी हळू केली आणि सवयीने डावा हात सीटखाली घातला, फडक्यासाठी.

बोटांना फडकं लागायच्या आधी पिशवी वाजली.

मी पिशवीला हात लावला नव्हता. ती माझ्या हातापासून लांब, सीटच्या डाव्या टोकाला होती. प्लास्टिक आधी जरासं वाजलं, मग सलग, लांबलचक वाजत राहिलं, आणि थांबलं.

त्या क्षणी म्हातारीचं बोलणं माझ्या डोक्यात नीट लागलं. दोन दिवस मी तिला ऐकत होते. बैलांना ती ढोरं म्हणायची. शेळीला बकरी म्हणायची. मग जनावर कशाला म्हणाली? आणि हा शब्द मला अनोळखी होता असंही नाही. अण्णा मूळचे सायखेड्याचे, गोदाकाठच्या मळ्यात वाढलेले. आमच्या घरात दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायची बंदी होती. नाव घेतलं की येतो म्हणे. "मळ्यात जनावर निघालं," असं अण्णा सांगायचे, आणि आम्ही पोरं पाय वर घेऊन बसायचो. लहानपणापासून माहीत असलेला शब्द. पण शहरात राहून, पुस्तकं शिकवून, मला जनावर म्हटल्यावर शेळी दिसली.

हात मी बाहेर काढला, तो कसा काढला ते आठवत नाही. थांबावंसं वाटलं, पण घाटाच्या उतारावर, डाव्या अंगाला दरी आणि मागे ट्रक असताना थांबणार कुठे? चढलीस त्या गिअरमध्येच उतर, उतारावर गाडी मोकळी सोडू नकोस, हे अण्णांचं शिकवणं होतं म्हणून मी खाली आले. क्लचसाठी डावा पाय पुढे करायचा, म्हणजे त्या सीटखालच्या अंधारासमोर टाच धरायची. दर वेळी मी मनात म्हणायचे, आता. आता चावेल. चढणीसाठी पायात कॅनव्हासचे बूट होते, तेवढाच आधार. बाकी सलवारीचं पातळ कापड.

मी त्याच्याशी बोलायलाही लागले. "बाबा रे, तू तुझ्या जागी, मी माझ्या जागी. नाशिक आलं की तू मोकळा." सापाला कान नसतात हे मला ठाऊक होतं. पण गप्प बसले असते तर रडले असते, आणि रडले असते तर त्या बरबटलेल्या काचेतून जे थोडंफार दिसत होतं तेही गेलं असतं.

चांदवडला हमरस्त्याच्या कडेला एक चहाचं हॉटेल दिसलं. गाडी बाजूला घेतली आणि दार उघडून अक्षरशः बाहेर उडी मारली. चारी दारं सताड उघडून लांब उभी राहिले. काहीच बाहेर आलं नाही. छत्री मागच्या सीटवर होती, ती काढून पुढच्या सीटखाली लांबूनच ढोसून बघितलं. करवंदांची पिशवी बाहेर आली, पण त्याशिवाय काही नाही.

हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून आला. "काय हरवलं का ताई?"

"कानातलं पडलं," मी म्हणाले. साप म्हटलं असतं तर शंभर माणसं जमली असती. त्यांनी सीट उपटली असती, काठ्या आणल्या असत्या, आणि दादाला फोन करायला चौघे धावले असते.

हॉटेलात फोन होता. तेव्हा मोबाइल आमच्यापर्यंत आले नव्हते. मी घरचा नंबर फिरवला. ठरवलं होतं, सगळं सांगायचं. येऊ दे दादाला, विकू दे गाडी, जीव वाचला म्हणजे झालं. फोन अण्णांनी उचलला. ते फोनशेजारीच बसले असणार, कारण पहिली घंटा पूर्ण वाजलीही नाही.

"कुठंशी आलीस?"

"चांदवडला."

"गाडी कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणाले.

"ये मग सावकाश. मी जागचा हलत नाही."

फोन ठेवला आणि मला माझाच राग आला. कशाला बरी आहे म्हणालीस? पण त्यांच्या आवाजात जे होतं ते मोडायला माझी जीभ रेटली नाही. मग मी स्वतःची समजूत घालायला लागले. छत्रीने ढोसलं, काही नव्हतं. असलंच तर दारं उघडल्यावर गेलं असेल. पिशवी रस्त्याच्या हादऱ्यांनी वाजली असेल. म्हातारी शेळीबद्दलच बोलली असेल. यातलं एकही मला पटत नव्हतं. काचेवर हॉटेलातलं पाणी मारलं, ओढणीने पुसायला गेले तर ओढणी चिखलाची झाली आणि काचेवर आणखी पट्टे उमटले. फडकं हवं होतं. सीटखाली हात घालायची माझी छाती झाली नाही. सलवार मोज्यांत खोचली, देवाचं नाव घेतलं आणि बसले.

चांदवड ते नाशिक हा रस्ता मी त्याआधी कितीतरी वेळा केला होता, पण तो एवढा लांब कधीच नव्हता. उन्हं कलली होती आणि उजवीकडून काचेवर आडवी पडत होती. पट्ट्यापट्ट्यांची काच त्या उजेडात पांढरी व्हायची आणि समोरचा ट्रक क्षणभर दिसेनासा व्हायचा. मी मान वाकडी करून एका स्वच्छ उरलेल्या कोपऱ्यातून बघत होते. बाहेरची भीती काचेवर, आतली सीटखाली. कुठलीकडे आधी लक्ष द्यावं कळेना.

पिंपळगाव मागे पडलं. द्राक्षांच्या बागा छाटून उघड्या झालेल्या दोन्ही बाजूंना. आणि तिथे माझ्या डाव्या बुटावर काहीतरी आलं.

हलकंसंच होतं. पण वजन होतं त्याला. ते बुटाच्या नाडीवरून सावकाश सरकत होतं, संपतच नव्हतं. समोर ट्रक हळू झाला. मला गाडी आवरायला हवी होती, म्हणजे उजवा पाय ब्रेकवर आणि डावा क्लचवर. उजवा पाय मी नेला. डावा हलवला नाही. गाडी आचके द्यायला लागली, इंजिन बंद पडायच्या बेताला आलं, मागचा हॉर्नवर बसला. मी तोंडातून आवाजही काढला नाही. खाली बघितलं नाही. ओढणीचं टोक असेल, असं मी मनाशी म्हणत होते, आणि ओढणी माझ्या गळ्यात गच्च बांधलेली होती हेही मला माहीत होतं. आयुष्यात इतकी भ्याले नाही कधी, आधीही नाही आणि नंतरही नाही.

मग वजन गेलं. मी क्लच दाबला. ट्रक पुढे निघाला, मीही निघाले. गाल ओले लागले तेव्हा कळलं की मी रडते आहे.

ओझर, आडगाव कसं आलं ते सांगता येणार नाही. पंचवटीत शिरले, भाजीबाजाराची गर्दी लागली, रिक्षावाल्यांनी नेहमीसारख्या शिव्या घातल्या, आणि त्या शिव्या ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. आले. आणली गाडी. हिरावाडीच्या वळणावर घरांतून दिवे लागत होते.

अण्णा फाटकात उभे होते. इंजिनचा आवाज त्यांनी कोपऱ्यावरूनच ओळखला असणार. मागे पायऱ्यांवर दादा, हाताची घडी घालून. मी गाडी आत घेतली, बंद केली आणि उतरले. दार धरून उभी राहिले. दादासमोर पडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. मनात म्हटलं, श्वास लागू दे, मग अण्णांना हळूच बाजूला घेऊन सांगते.

अण्णा बॉनेटवरून हात फिरवत आले. हात काचेवर गेला, बोटांना चिखल लागला. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळली.

"काच काय केलीस ही? ह्यातून बघत आलीस?"

आणि मी काही बोलायच्या आत, उघड्या दारातून वाकून, त्यांनी हात सीटखाली घातला. कोपरापर्यंत. रोज घालायचे तसा.

दिवसभर मी मला चावेल म्हणून भ्याले होते. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांना दिसत नाही, त्यांना माहीत नाही, आणि त्यांना माहीत नव्हतं ते मी फोनवर बरी आहे म्हणाले म्हणून.

"जनावर!" मी ओरडले. साप नाही म्हणाले. दिवेलागणीला त्या घरात तो शब्द माझ्या तोंडात येऊच शकत नव्हता.

मला शेळी दिसली होती. अण्णांना एक क्षणही लागला नाही. त्यांचा हात होता तिथेच थांबला. मागे ओढला नाही, हलवला नाही. अर्धवट वाकलेले, गाल सीटला टेकलेला, असे ते दगड झाले.

"कुठंय?" अगदी हळू.

"सीटखाली."

"दिसतंय?"

"नाही."

"मग तू मागं सर. आणि बोलू नकोस."

मी सरले नाही. कुणाला माहीत किती वेळ गेला. मग त्यांच्या मनगटाशेजारून, सीटखालच्या अंधारातून ते बाहेर आलं. पिवळट, लांब, कुठलीही घाई नसलेलं. दाराच्या उंबऱ्यावरून फरशीवर उतरलं, अण्णांच्या चपलेला घासून गेलं आणि जास्वंदीच्या बुंध्याकडून गटाराच्या फटीत दिसेनासं झालं. दादा पायऱ्यांवरून कठड्यावर चढला होता.

"गेलं?" अण्णांनी विचारलं.

"गेलं."

मग त्यांनी हात बाहेर काढला. हातात फडकं होतं. धामण असेल, बिनविषारी, असं शेजाऱ्यांनी नंतर आमची समजूत काढली. असेल. माझ्या बुटाने तिला ते विचारलं नव्हतं.

अण्णा काच पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "कधी कळलं तुला?"

"देवळ्याच्या घाटात."

"म्हणजे चांदवडहून बोललीस तेव्हा माहीत होतं."

"हो."

फडकं थांबलं, आणि पुन्हा फिरायला लागलं. दादा कठड्यावरून उतरला. "बघितलंत ना अण्णा? आज काय झालं असतं? उद्या तो माणूस गाडी बघायला येतोय, देऊन टाकू."

"येऊ दे. बघू दे," अण्णा म्हणाले. "द्यायची नाही."

फडक्याची घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. मग गाडीच्या नाकावरून हात फिरवत वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसले.

"चल. कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येऊ."

"अण्णा, आता नको. उद्या."

"आज बसली नाहीस तर उद्या बसणार नाहीस."

मी फडकं सीटखाली ठेवायला वाकले आणि हात मध्येच अडखळला. अण्णांनी आपला हात त्या बाजूने सीटखाली घातला आणि तिथेच धरून ठेवला. मग मी माझाही घातला. बसले. किल्ली फिरवली. डावा पाय पुढे केला, तर तो एवढा थरथरत होता की क्लच अर्ध्यातच अडला.

"हं," अण्णा म्हणाले.

मी पूर्ण दाबला.